पाच वर्षांनी फोन, तोही कामासाठी?

प्रश्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षं स्वतःचं मशीन शॉप चालवलेल्या एका ५१ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. दोन लेथ, एक मिलिंग आणि शेवटी कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज अशी जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग करून देण्याची कामं. २०२० च्या टाळेबंदीत कामं थांबली, हप्ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षी मशीनं विकून त्यांनी शटर खाली ओढलं आणि दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले. पगारात घर चालतं, पण मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फी भरताना ओढाताण होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी, जुन्या ओळखींतून काम आणून देऊन टक्केवारी घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. प्रश्न एवढाच, की त्या ओळखीच्या माणसांना आता फोन कसा करायचा?

जुन्या डायरीत आणि बिस्किटांच्या डब्यात मिळून दीडशेच्या वर व्हिजिटिंग कार्डं पडून आहेत. ते लिहितात, "पाच वर्षांत कुणाला फोन केला नाही. आता केला, तर गरज पडली म्हणून आठवण झाली, असंच म्हणतील." पत्नीचं म्हणणं, दर दिवाळीला मिठाईचे बॉक्स पोचवलेत, शॉप बंद झाल्यावर कुणी विचारलं का? पुतण्या म्हणतो, सगळ्यांना एकदम व्हॉट्सॲप टाका. एक जुना ओळखीचा त्यांना हॉटेलातल्या कसल्याशा 'बिझनेस मीटिंग'ला घेऊन गेला, तिथे ओळखीच्या शंभर नावांची यादी करायला सांगितली. एका पार्टीकडून १ लाख ८० हजार येणं आहे, ते बुडाल्यातच जमा. आणि पत्राच्या अगदी शेवटी ता. क.: एका स्टीलवाल्याचे साठ हजार देणं राहिलं आहे, "पण ते आता विसरले असतील."

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी अडखळले. चार पानांच्या पत्रात त्या साठ हजारांच्या वाट्याला दीड ओळ आली आहे. स्टीलवाले विसरत नाहीत हो. त्यांच्या खातेवहीत तुमचं पान अजून उघडंच असणार, आणि हे तुम्हालाही पक्कं माहीत आहे. नाहीतर ता. क. लिहिलाच नसता.

तुम्ही मला विचारलंत दीडशे माणसांना फोन कसा करू. मला शंका येते ती अशी, की त्या दीडशेंपैकी एका माणसाला टाळता टाळता बाकीचे एकशे एकोणपन्नासही टाळले गेले आहेत.

आमच्या घरी छापखाना होता. तो बंद पडला तेव्हा बाबांकडे एका कागदवाल्याचे पैसे राहिले. पुढे दोन वर्षं बाबा पेठेतल्या त्या गल्लीतून गेले नाहीत. सायकल लांबून वळवायची, गणपतीतसुद्धा त्या बाजूचा मांडव बघायचा नाही. मग एकदा आईने पाकिटात पाचशे रुपये घालून त्यांना पाठवलं. कागदवाल्याने पैसे मोजून घेतले, वहीत लिहिले, 'बसा'सुद्धा म्हणाला नाही. त्याने पुढेही कधी काम दिलं नाही. पण बाबा त्या गल्लीतून पुन्हा जाऊ लागले, आणि कामं त्या गल्लीत होती. कंपोझिंगवाला तिथे, बाइंडरही तिथेच, चहाची टपरीही तीच. वर्षभरात त्यांना प्रुफं तपासायची आणि दुसऱ्यांच्या प्रेसवर काम उतरवून द्यायची एवढी कामं मिळाली, की माझी कॉलेजची फी त्यातून गेली.

म्हणून माझा पहिला सल्ला तुमच्या प्रश्नाबाहेरचा आहे. आधी स्टीलवाल्याकडे जा. पूर्ण रक्कम जमेपर्यंत थांबू नका, ती जमणार नाही. पाच हजार घ्या, दुकानात दुपारची वर्दळ कमी असते तेव्हा जा, आणि उरलेल्याची जी तारीख खरोखर पाळता येईल तीच द्या. महिन्याला दोन हजार जमणार असतील तर दोनच सांगा, पाच सांगून तिसऱ्या महिन्याला पुन्हा तोंड लपवण्यात अर्थ नाही. ते चार शब्द बोलतील, बोलू द्या. घरात फीची ओढाताण असताना जुनं देणं फेडायला सांगते आहे, हे मला कळतं. पण हिशोब मांडून बघा. तुमच्या भागात कोणाच्या शॉपला ईएन-८ स्टीलचे बार वाढले, कोणाचं उचलणं थंडावलं, कोणी नवं मशीन उतरवलं, हे सगळं मटेरियलवाल्याला पर्चेस मॅनेजरच्या आधी कळतं. आणि उद्या तुमचा जुना ग्राहक तुमच्याबद्दल कुणाला विचारेल? त्यालाच.

आता तुमच्या मुख्य भीतीकडे येते. 'गरज पडली म्हणून आठवण झाली असं म्हणतील.' काहीजण म्हणतील. खरंच आहे ना ते? गरज पडली म्हणूनच फोन करताय. पण ही माणसं तुमची शाळासोबती नव्हती. ओळख झाली ती कामावरून. ड्रॉइंग आलं, कोटेशन गेलं, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आली, माल वेळेत पोचला. कामातून झालेली ओळख कामासाठीच पुन्हा काढली, तर त्यात मतलबीपणा कसला? उलट पाच वर्षांनी फोन करून अर्धा तास तब्येत, मुलंबाळं, पाऊसपाणी विचारायचं आणि फोन ठेवता ठेवता 'जाता जाता एक काम होतं' म्हणायचं, त्याने माणूस जास्त दुखावतो. त्याला वाटतं, एवढा वेळ आपल्याला खेळवलं.

वहिनींचा राग मला समजतो. पण त्यांना एक विचारून बघा. टाळेबंदीच्या त्या दोन वर्षांत तुम्ही तरी कुणाला विचारलंत? ज्यांना तुम्ही माल देत होतात त्यांच्यातल्याही काहींची शटरं तेव्हाच खाली आली असतील, काहींची खाती बदलली असतील, काहींची माणसं गेली असतील. ती वर्षं फक्त तुमच्या दाराशी आली नव्हती. आणि मिठाईचा बॉक्स, खरं बोलायचं तर, माणसाला नव्हता, टेबलाला होता. ते टेबल बदललं की बॉक्सचा हिशोब संपला. तुमच्या नावावर जे शिल्लक आहे ते वेगळंच आहे. 'अमुक शॉपचा माल रिजेक्ट होत नसे', किंवा 'रात्री अकराला फोन केला तरी तो माणूस उचलायचा'. हे कोणी तुम्हाला येऊन सांगत नाही. तुम्ही समोर उभे राहिल्यावर त्यांना ते आठवतं.

जुन्या, विरलेल्या ओळखी कामाच्या का असतात यावर बराच अभ्यास झालेला आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध त्यात प्रसिद्ध आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६, आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. पुढे २०११ मध्ये लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निंगहॅन या संशोधकांनी नोकरदार व्यवस्थापकांना किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या माणसांकडे कामाचा सल्ला मागायला लावलं. तो सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्याइतका, कित्येकदा त्याहून उपयोगी निघाला. हे अभ्यास पगारदारांचे आहेत, अंबडच्या जॉबवर्कवाल्यांचे नाहीत. तरी कारण साधं आहे आणि ते इथेही लागू पडतं. रोज भेटणाऱ्याला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. पाच वर्षांत तुमचा जुना माणूस मात्र चाकणला जाऊन आलेला असतो, सिन्नरला कुणाला तरी भेटलेला असतो, आणि विश्वास नव्याने कमवावा लागत नाही.

आता तो बिस्किटांचा डबा उघडा. कार्डावरचं पद वाचू नका, ते शिळं झालंय. त्या माणसाचं वय आठवा. तुम्ही नेहमी ज्यांच्या केबिनबाहेर बसायचात ते मोठे साहेब बहुतेक निवृत्त झाले असतील. तेव्हा जो पोरगा क्वालिटीत व्हर्नियर घेऊन तुमच्या मालात खोड काढायचा, स्टोअर्समध्ये चलनावर शिक्का मारायचा, तो आज निर्णय घेणाऱ्या खुर्चीत असण्याची शक्यता जास्त. त्याचं कार्ड तुमच्याकडे नसेलही, कारण तेव्हा त्याच्याकडे कार्डच नव्हतं. अशी नावं डोकं खाजवून आठवा. मग इन्सर्ट, म्हणजे मशीनची कटिंगची पाती विकणारा, हीट ट्रीटमेंटवाला, गेज कॅलिब्रेट करून देणारा, तुमचा माल पोचवणारा छोटा हत्तीवाला. या मंडळींचा दिवसच दहा शॉप फिरण्यात जातो. दीडशेंतून बारा नावं काढा. बाकीचा डबा बंद.

पुतण्याचा हेतू चांगला आहे, पण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यांनाच पोचते. पाच वर्षांत कितीजणांनी फोन बदलले असतील! आणि पोचलीच, तरी 'सर्वांना नमस्कार' अशा निरोपाला कोण उत्तर देतं? दिवाळी-दसऱ्याच्या शुभेच्छांचंही तेच, त्या दिवशी शेकडो निरोपांत तुमचा एक. एखादा साधा मंगळवार-बुधवार बघा. अपवाद खंडेनवमीचा. त्या दिवशी शॉपमध्ये मशीनची पूजा असते, दार उघडं असतं, आलेल्याला पेढा मिळतो आणि 'कसे काय आलात' असं कुणी विचारत नाही. जुन्या दोन-तीन शॉपना त्या दिवशी नुसतं जाऊन यावं. पूजेच्या दिवशी कामाचं बोलू नये, एवढं पथ्य पाळा.

फोनवर एक गोष्ट कृपा करून टाळा: 'ओळखलंत का?' मला असे फोन येतात. पलीकडचा माणूस हसत थांबलेला असतो आणि मी घाम पुसत आवाज जुळवत असते. ओळखलं नाही तर मी अपराधी, आणि ओळखल्याचं नाटक केलं तर पुढच्या वाक्याला पकडली जाणार. पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाका. साधारण असं:

"नमस्कार साहेब, मी अंबडहून बोलतोय. २०१६ ते २०२० तुमच्याकडे पंपाचे शाफ्ट द्यायचो, ४१० नंबरच्या ड्रॉइंगचे, ज्याच्या कीवेवरून आपलं एकदा वाजलं होतं. शॉप २०२१ मध्ये बंद केलं, आता नोकरी करतोय. सुट्टीच्या दिवशी थोडं बाहेरचं काम करायचं म्हणतोय. ऑर्डर मागायला फोन केला नाही. सध्या कुठल्या कामाला तुम्हाला चांगला वेंडर मिळत नाही, एवढं विचारायचं होतं. दहा मिनिटं कधी बोलता येईल?"

ड्रॉइंग नंबर अर्थात तुमचा घाला. भांडणाची आठवण मुद्दाम ठेवली आहे. गोडगोड माल कुणाच्या लक्षात राहत नाही, वाजलेलं राहतं. शॉप बंद झाल्याचं स्वतःच सांगा, लपवलंत तर ते पुढे दुसऱ्याच्या तोंडून कळेल. आणि काम मागण्याऐवजी अडचण विचारा. काम नाही म्हणणं सोपं असतं. अडचण विचारली की लोक बोलत सुटतात. बारापैकी पाचजण उचलणार नाहीत, दोघे 'बघतो' म्हणतील, त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्या. उरलेल्यांशी बोलणं झालं की त्याच आठवड्यात त्यांच्या काहीतरी उपयोगी पडा. एखाद्या ग्राइंडिंगवाल्याचा नंबर द्या, एवढंही पुरतं.

पण त्या दहा मिनिटांत ते विचारणार, 'मग तुम्ही नक्की काय करणार?' तुमच्या पत्रात मला याचं उत्तर सापडलं नाही. मशीन नाही, भांडवल नाही, वेळ आठवड्याचा एक दिवस. तुम्ही म्हणता काम आणून देऊन टक्केवारी घेईन. घ्या, पण मधल्या माणसाचं दुखणं तुम्ही समोरच्या बाजूने पाहिलेलं आहे. रिजेक्शन आलं की दोन्ही बाजू त्याच्याकडे बघतात, आणि दुसऱ्या ऑर्डरला पार्टी आणि शॉप थेट बोलू लागतात. टक्केवारी पहिल्या ऑर्डरवर की प्रत्येक ऑर्डरवर, बिल झाल्यावर की पैसे आल्यावर, हे आधी ईमेलवर लिहून घेतलंत तरच. दुसरं, स्वतःच्या नावावर ऑर्डर घेऊन दुसऱ्याच्या रिकाम्या मशीनवर काम काढून घेणं. यात मटेरियलला पैसा लागतो आणि बिल अडकलं की तुम्ही पुन्हा २०२१ मध्ये. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

मला जास्त जवळचं वाटतं ते तिसरं. कर्ज काढून व्हीएमसी उतरवलेले कितीतरी तरुण शॉपवाले आज कोटेशन अंदाजाने काढतात. सायकल टाइममध्ये, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळात, मशीन सेटिंगचा वेळ धरत नाहीत, इन्सर्टचा खर्च विसरतात, आणि 'काम भरपूर, हातात काही नाही' म्हणून कपाळाला हात लावतात. तुम्ही हे सगळं पदरचे पैसे घालून शिकला आहात. ड्रॉइंग बघून कॉस्टिंग काढून देणं, प्रोसेस शीट बसवणं, जॉब पकडायचं फिक्श्चर सुचवणं, पहिला नग तपासून देणं, याचे बैठकीमागे पैसे घ्या. रक्कम सुरुवातीला लहान असली तरी चालेल, पण 'चहा पाजा, झालं' असं म्हणू नका. एकदा फुकट दिलेल्या सल्ल्याचे पैसे पुढे मागता येत नाहीत, हे मी या सदरावरून सांगू शकते.

त्याआधी मात्र तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं काम करायला मनाई असेल तर मालकाशी बोला. त्यांचे ग्राहक, त्यांची ड्रॉइंग, त्यांचे दर यांना हात लावायचा नाही. जुन्या ग्राहकांची जी ड्रॉइंग तुमच्याकडे पडून असतील तीही त्यांची मालमत्ता आहे, दुसऱ्याला दाखवायची नाहीत. छोट्या वसाहतीत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची नोंदणी 'उद्यम' नावाने होते, आधारवर, ऑनलाइन, आणि सरकार त्याचे पैसे घेत नाही. दोन हजार मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. काम सुरू करायच्या आधी ही नोंदणी करून घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसला तर १५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. नाहीतर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावटही खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात मिळत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की जुनी बिलं हलतात. मात्र हे संरक्षण उत्पादन आणि सेवेला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतीच. ऑर्डर स्वतःच्या नावावर घेण्याआधी हा फरक सीएकडून समजून घ्या. सल्ल्याच्या कामाला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

त्या १ लाख ८० हजारांबद्दल फार आशा लावत नाही. अशा येण्याला दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता, तो धरूनही तुमचं येणं बहुधा उलटलेलं आहे. बिलांच्या तारखा घेऊन वकिलाला एकदा दाखवा. तरी त्या पार्टीला तुमच्या बारांत घ्या. मुदत उलटलेलं देणं फेडण्याचं वचन त्यांनी लिहून, सही करून दिलं तर ते कायद्याला मान्य आहे. तुम्ही स्टीलवाल्याला जसे हप्ते सांगाल तसे त्यांनाही सुचवून बघा. आणि 'नाही' म्हणाले, तर त्यांच्या पर्चेसमधला माणूस दुसरं एखादं काम दाखवू शकतो का, हेही विचारा. भांडण आणि ओळख एकाच घरात राहू शकतात.

राहिली ती हॉटेलातली मीटिंग. शंभर नावांची यादी आधी आणि माल काय ते नंतर, असं जिथे सांगतात तिथे विकायला काढलेला माल म्हणजे तुमची ओळख. माणसं जोडल्याबद्दल पैसे मिळणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना मना केल्या आहेत. साबण, गोळ्या, पावडर पुढे केली म्हणून आतला प्रकार बदलत नाही. चौदा वर्षं मायक्रॉनमध्ये माल दिलेल्या माणसाने त्याच लोकांना प्रोटीन पावडरसाठी फोन केला, की पुढचा फोन कोणी उचलणार नाही. ज्याने तुम्हाला नेलं तोही बहुधा अडचणीत असेल, त्याच्यावर चिडू नका. फक्त यादी देऊ नका.

तर येत्या सुट्टीला एकच काम. फोन एकही नाही. जुन्या फाइलमधून स्टीलवाल्याच्या बिलांचे नंबर आणि तारखा शोधा, पाकिटावर लिहा, पाच हजार घाला आणि जा. पैसे हातात द्या, वहीत जमा लिहून घ्या, खाली तारीख टाकायला सांगा. आणि सोबत मिठाईचा बॉक्स नेऊ नका.